विषय क्रमांक चार

सभा साडेसहाची. हीटर बिघडलेला,
म्हणून सगळे कोट घालूनच बसले,
आत्ता उठून जाणार असल्यासारखे.
विषय क्रमांक चार : नदीपलीकडची बंद शाळा
त्या चौदा कुटुंबांना द्यायची की नाही
जी फेब्रुवारीत आली, सीमेवरून, बसने.

इतिवृत्त मी लिहिते. बावीस वर्षं तेच करते.
कोण काय बोललं, किती हात वर झाले.
टाळ्या लिहिते. खोकला लिहीत नाही.

झेनोन खाटीक म्हणाला, आम्ही इथले,
पिढ्यान्‌पिढ्यांचे.
ही माणसं येतात ती रिकाम्या हातानं,
आणि मग...
पुढचं वाक्य मी जरा मऊ करून लिहिलं.
टाळ्या.

तेव्हा मागच्या रांगेतून लुत्सिना उठली.
पोलंडच्या या टोकाला जिल्ह्याचं जे दप्तर आहे
तिथे असते ती. कागदाच्या धुळीनं
नाकाला बारमाही सर्दी.
पिशवीतून वही काढली, गोणपाटाच्या रंगाची,
दोन कोपरे उंदरांनी आधीच वाचलेले.
"मे, एकोणीसशे शेहेचाळीस,"
आवाज न चढवता, वाण्याची यादी वाचावी तसं :

डबा सतरा.
तेक्ला, विधवा, वय एकतीस. मुलं दोन. शेळी एक.
शिवणयंत्राचं डोकं. पाय नाहीत.
डबा अठरा.
फ्लोरियान, लोहार. बायको गरोदर. घड्याळ एक, बंद.
डबा एकोणीस.
खाटीक, वय चोवीस. सामान : नाही.

झेनोननं कोटाचं वरचं बटण लावलं.
ते लावलेलंच होतं.

तसं हे कुणाला ठाऊक नाही असं नाही.
माझ्या न्हाणीघरातल्या जुन्या नळावर
अजून जर्मनमध्ये ‘थंड’ असं कोरलंय.
लहानपणी मला वाटायचं,
ते नळ बनवणाऱ्याचं नाव.

कुणीतरी म्हणालं, तेव्हाची गोष्ट वेगळी होती.
आम्हाला उचलून आणलं. आम्ही कुठे मागितलं होतं?
"वेगळी होतीच," लुत्सिना म्हणाली.
"किती वेगळी, ते मोजायलाच वही आणली."

मग बोटाला थुंकी लावून तिनं पान उलटलं
आणि थांबली.
शाळेत आम्ही एका बाकावर होतो,
तिचं थांबणं मला कळतं.
"सप्टेंबर, तेच साल. गावकऱ्यांचा अर्ज :
यापुढे इथे नव्या गाड्या उतरवू नयेत.
पूर्वेकडून येणाऱ्यांत आजार आहे. चोऱ्या वाढल्या.
शाळा आमच्याच मुलांना पुरत नाही.
सह्या एकतीस. सगळ्या मेमध्ये उतरलेल्यांच्या.
पहिली..." तिनं नाक पुसलं,
"पहिली फ्लोरियान लोहाराची.
माझे आजोबा."

हे वाचायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

झेनोन उठून टेबलापर्यंत आला.
आमची सही?
तिनं बोट वरून खाली नेलं, दोनदा.
नाही. सही नाही, अंगठाही नाही.
"का नाही?"
"ते इथे लिहिलेलं नाही."
तो वाकून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला,
धंद्यात तराजूचा काटा बघतो तसा.

मग गेनोवेफा म्हातारी, तेक्लाची धाकटी,
बसूनच बोलली :
शेळीचं नाव घातलंय का त्यात?
नाही, आजी.
सिव्का, ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळून :
लिही ना, बघत काय बसलीस.

मतदान झालं नाही.
विषय क्रमांक चार पुढच्या सभेवर ढकलला.
खुर्च्या दुमडायला झेनोन थांबला, जो कधी थांबत नाही.

रात्री इतिवृत्त पक्कं करायला बसले.
‘पिढ्यान्‌पिढ्यांचे’ या शब्दाशी पेन अडलं.
खोडायची मुभा मला नाही; तो तसं म्हणाला होता.
ते मऊ केलेलं वाक्य मात्र
पुन्हा होतं तसं कडक केलं.
खाली नवी ओळ : शेळी एक, नाव सिव्का,
सांगणार गेनोवेफा, वय चौऱ्याऐंशी.

बोटांना शाई लागली होती. नळ सोडला.
पाणी थंड होतं.